तांत्रिक मान्यतेआधी: कृष्णाकाठच्या आरोग्य केंद्राच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४

लोकसभेची आचारसंहिता उठली आणि लगोलग प्रशासकीय मान्यतेचं पत्र हातात पडलं. काम सहा खाटांच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं, गाव मिरज तालुक्यातलं, अगदी कृष्णेच्या काठावरचं. जुनी इमारत २०१९ ला बुडाली, २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं, आता ती पाडायची आहे. आमच्याकडे, म्हणजे सल्लागार ऑफिसकडे, नकाशे, स्ट्रक्चर, सविस्तर अंदाजपत्रक आणि निविदेचे कागद. सोबत एक टाइप प्लॅन (ठरावीक नमुना नकाशा) आलाय, दुसऱ्या जिल्ह्यात बांधून झालेला. शाखा अभियंता म्हणाले, "ह्यातच जागेपुरतं इकडं-तिकडं करा, ऑगस्टात तांत्रिक मान्यतेला लावून टाकू."

घाई कशाची ते उघड आहे. विधानसभा तोंडावर आहे. पुन्हा आचारसंहिता लागली की निविदा लटकली.

प्रशासकीय मान्यतेला तारीख असते, तांत्रिक मान्यतेला क्रमांक असतो, निविदेला पोर्टलवर मुदत असते. मधल्या काळात काय ठरलं आणि काय ठरायचं राहिलं, हे मात्र कुठल्याच फाइलीत सापडत नाही. ते पुढे ठेकेदाराच्या पत्रात सापडतं, 'जादा बाब' म्हणून. लहान ऑफिसात असलं काम पहिल्यांदा घेणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून इथे लिहून ठेवतोय.

१९ जून

टाइप प्लॅन जागेवर नेऊन ताडून पाहिला. खोल्यांची मांडणी वाईट नाही, ओपीडी आणि प्रसूती कक्ष नीट वेगळे ठेवलेत. पण नकाशा कठीण मुरमाच्या गावचा आहे. पाया दीड मीटरवर, सुटे फुटिंग (प्रत्येक खांबाखाली वेगळा पाया). प्लिंथ (जोतं) रस्त्यापासून ६० सेंटिमीटर. मागच्या बाजूला जैववैद्यकीय कचऱ्याचा खोल खड्डा.

खड्डा पहिल्याच दिवशी खोडला. २०१६ च्या नियमांत अशा खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान ६ मीटर खाली असावं लागतं. इथे शेजारच्या विहिरीत उन्हाळ्यातसुद्धा वाकून पाणी दिसतं. कचरा सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीनेच जाणार. त्यासाठी कुलपाची, गाडी लागेल अशी एक छोटी खोली हवी आणि ती टाइप प्लॅनमध्ये नाही. एक बाब गेली, दुसरी आली.

२७ जून

आजचा दिवस पातळ्यांचा. सगळ्या कामाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमची जागा दोन्हींच्या मध्ये पडते. युडीसीपीआर, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे या पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच. वाचायला सोपं आहे. अडचण अशी की पूररेषेच्या पातळ्या समुद्रसपाटीपासून मोजलेल्या, आणि जागेचा सर्व्हे रस्त्याच्या मध्याला १००.००० धरून केलेला. दोन्हींचा सांधा कुणीच जुळवला नव्हता. जवळच्या बेंचमार्कपासून (उंची ठरलेली पक्की खूण) ऑटो लेव्हल हे पातळी मोजायचं यंत्र लावत लावत गावापर्यंत आलो, तेव्हा कळलं की आमच्या हिशोबात लाल रेषा १०१.१०० वर येते. म्हणजे नियमाने प्लिंथ १०१.५५०.

मग प्रत्यक्ष पाणी कुठवर आलं होतं ते शोधलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर २०१९ चा पट्टा रंगवलेला आहे, पण भिंत मध्ये पुन्हा रंगवली तेव्हा पट्टा वीतभर वर सरकला असावा. जुन्या केंद्राच्या औषधखोलीतल्या लोखंडी कपाटावर गंजाची सरळ रेघ होती, ती १०१.३५० भरली. समोरच्या किराणा दुकानदाराने खिडकीच्या चौकटीवर खिळा ठोकून ठेवलाय. "हितवर हुतं बघा, खिळ्याला टेकलं नि थांबलं." तो १०१.३३० भरला. कपाट आणि खिळा दोघांचं जुळतंय म्हटल्यावर रंगाचा पट्टा सोडून दिला.

तर कागदावरच्या १०० वर्षांच्या पुरापेक्षा २०१९ चं पाणी इथे पाव मीटर वर होतं. सांगलीच्या आयर्विन पुलावर तेव्हा ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. उपअभियंता साहेबांचं म्हणणं, नियम पाळला की पुरे, प्लिंथ वाढली की सगळंच वाढतं. आमचं म्हणणं, तोच ०.४५ चा नियम २०१९ च्या खुणेवर लावू, म्हणजे १०१.८००. वाद पाव मीटरचाच, पण त्याच्यापायी बैठक लांबली. शेवटी वैद्यकीय अधिकारी मॅडमनी कपाटाचा फोटो दाखवला आणि विषय संपला. कार्यवृत्तात १०१.८०० लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सही नसती तर सप्टेंबरात हाच वाद पुन्हा झाला असता.

८ जुलै

माती तपासणीसाठी ढोबळ अंदाजपत्रकात एकरकमी ५० हजार धरलेत. तीन बोअरचं कोटेशन आलं १ लाख १० हजार. विभाग म्हणतो एकच बोअर घ्या. आम्ही तीनवर अडून बसलोय, त्याचं कारण निविदेच्या नमुन्यात आहे. काम बी-१ या नमुन्यावर जाणार. त्यात कलम ३८ प्रमाणे एखाद्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांवर गेलं की वरच्या भागाचा दर नव्याने ठरवावा लागतो. आणि जी बाब निविदेतच नाही तिचा दर मंजूर करून आणायचा म्हणजे वेगळी फाइल, वेगळा प्रवास. एका बोअरवर पायाची खोली धरायची आणि दुसऱ्या कोपऱ्यात ती दोन मीटरने चुकायची, एवढ्यावर वाचवलेले पैसे कित्येक पटीने जातात. हिशोब मांडून दाखवल्यावर तीन बोअर मंजूर.

२५ जुलै

दोनच बोअर झालेत. तिसऱ्या ठिकाणी नेताना रिगचं (बोअर मारायच्या यंत्राचं) चाक काळ्या रानात रुतलं, ट्रॅक्टर लावून बाहेर काढलं. कोयनेतून विसर्ग वाढवलाय, आयर्विनवर पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चाललंय. रिगवाला सामान आवरून गेला. पाऊस उघडेपर्यंत परत येणार नाही. जवळपास पंधरवडा गेला म्हणायचा. जमिनीची तपासणी मेच्या आत उरकावी, हे इथल्या कुठल्याही गवंड्याला माहीत आहे. पण प्रशासकीय मान्यतेआधी तपासणीवर खर्च टाकायची सोय नाही, आणि मान्यता मिळते ती मृगात.

९ ऑगस्ट

अहवाल आला. साडेचार मीटरपर्यंत काळी चिकण माती, त्याखाली पिवळसर गाळमिश्रित चिकण, दहा मीटरपर्यंत खडक नाही. काळ्या मातीचा फ्री स्वेल इंडेक्स ७० च्या घरात, म्हणजे मध्यम फुगणारी. सुटे फुटिंग बाद.

काळ्या मातीला अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगा असलेले, जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) हे पाठ झालेलं उत्तर. स्ट्रक्चरवाले सर नको म्हणाले. पाणी इतकं वर असताना खालचा फुगा नीट कापला गेलाय की ढासळलाय ते बघायला मार्ग नाही, आणि असं काम सवयीने करणारी गँग जवळपास मिळत नाही. त्याऐवजी ४५० मिलिमीटरचे सरळ बोअर्ड पाइल, ९ मीटर खोल. वरच्या फुगणाऱ्या थराचं घर्षण भार पेलण्यात धरायचंच नाही. उलट ती माती पाइलला वर ओढेल म्हणून सळई पूर्ण लांबीत. सुरुवातीला एका पाइलवर लोड टेस्ट, अपेक्षित सुरक्षित भाराच्या अडीच पट. ही चाचणी स्वतंत्र बाब म्हणून आत्ताच अंदाजपत्रकात घातली, नाहीतर ती 'सल्लागारांच्या सूचनेनुसार' या गोड वाक्यात हरवते.

खरा पेच जमिनीच्या फरशीचा. टाइप प्लॅनमध्ये प्लिंथच्या आत मुरूम भरून वर पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि टाइल. इथे साडेतीनशे चौरस मीटरखाली जवळपास २ मीटर भराव, म्हणजे ७०० घनमीटर मुरूम. रॉयल्टी आणि लांबची वाहतूक धरून त्याचे पैसे तर होतातच, पण खाली काळी माती फुगणार-आकसणार आणि वर फरशी तडकणार. जिल्ह्यातल्या किती शाळांत हे पाहिलंय! म्हणून भराव रद्द, त्याजागी प्लिंथ लेव्हलला आरसीसी स्लॅब आणि खाली पोकळी. पुराचं पाणी खालून निघून जाईल. महाग आहे, पण मुरूम आणि त्याला धरून ठेवणाऱ्या भिंती वजा केल्यावर फरक वाटला तेवढा राहिला नाही.

ग्रेड बीम (पाइलांना जोडणारे जमिनीलगतचे बीम) जमिनीपासून किमान ८० मिलिमीटर सुटे ठेवायचे. साइटवर काय होतं ते सांगतो: जमिनीवर पीसीसी टाकतात, त्याच्यावर बीम ओततात आणि नकाशातली ८० ची फट नकाशातच राहते. फुगलेली माती मग बीमला खालून ढकलते. आम्ही त्या फटीचा १:१० चा वेगळा छेद काढला, तिथे काय शटरिंग लागेल ते दाखवलं आणि बीमच्या बाबीच्या वर्णनातच 'तळाच्या शटरिंगसह' असं लिहिलं. पैसे वर्णनात असले की माणूस ते करतो.

१६ ऑगस्ट

पोकळीवरून गावात चर्चा. ग्रामपंचायत सदस्यांपैकी एकजण म्हणाले, "सायेब, खाली मोकळं ठेवलं की कडबा भरणार." बरोबर आहे, भरणारच. विभागाने सुचवलं की चहूबाजूंनी कमरेएवढी विटांची भिंत घाला. ते मात्र करता येत नाही. अर्धी भिंत खांबाला धरून ठेवते, भूकंपात वरचा तेवढाच आखूड भाग वाकतो आणि तुटतो. झोन ३ असला तरी दवाखान्याला आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकात महत्त्व-गुणक (इम्पॉर्टन्स फॅक्टर) १.५ आहे, आणि कोयना इथून लांब नाही. उपाय: खांबांच्या मधोमध जीआय वेल्डमेशच्या (जस्त चढवलेल्या जाळीच्या) चौकटी, खांबांना न टेकता उभ्या. कडबा जाणार नाही, पाणी जाईल.

२२ ऑगस्ट

मॅडमनी नकाशा टेबलावर पाहून 'ठीक आहे' म्हटलं होतं. आज जुन्या केंद्राच्या मागच्या अंगणात प्रसूती कक्ष, त्याच्या समोरचा पॅसेज आणि वॉर्डचं दार पूर्ण मापात चुन्याने आखलं. स्टाफ नर्स ताईंनी ट्रॉली आणली, वर शिपाईमामा झोपले. पॅसेज १.८ मीटर, दार ०.९. कोपऱ्यावर ट्रॉली वळेना. मागे घ्या, पुन्हा वळवा, तोवर मामांचा पाय चुन्याच्या भिंतीतून आरपार! सगळे हसले, पण पॅसेज २.१ झाला आणि दार दोन पाखांचं १.२ मीटरचं. त्याच वेळी नर्सताईंनी विचारलं की लसींच्या आयएलआर (लसींचा खास फ्रिज) आणि डीप फ्रीजरला स्वतंत्र स्टॅबिलायझर लागतो, तो कुठे ठेवणार? विजेच्या नकाशात त्या खोलीला एकच प्लग होता.

ही अख्खी चाचणी एका पिशवी चुन्यात झाली. मला विचाराल तर वापरणाऱ्यांची सही नकाशावर घेण्याआधी हे करावं. टेबलावर सगळेच ठीक म्हणतात.

३० ऑगस्ट

रॅम्प. रस्त्यापासून १.८ मीटर चढायचं, १:१२ ने २१.६ मीटर आणि वर लँडिंगची लांबी. गेटपासून पोर्चपर्यंत जागा १४ मीटर. पहिल्या रेखाटनात रॅम्प इमारतीभोवती सापासारखा फिरत गेला आणि प्रसूती कक्षाच्या खिडकीखालून निघाला. फेकून दिलं.

'तळमजला पार्किंगला मोकळा सोडा आणि दवाखाना पहिल्या मजल्यावर न्या' अशीही सूचना आली. त्यात लिफ्ट आली, आणि पुरात पहिली जाते ती वीज. शिवाय पूर्ण उंचीचा मोकळा मजला म्हटला की भूकंपासाठी काँक्रीटच्या भिंती द्याव्या लागतात.

सुटलं ते असं: गेटपासून आवार १:२० च्या सौम्य चढाने १२ मीटरमध्ये ०.६ ने वर घेतलं. रुग्णवाहिका सरळ १००.६०० पर्यंत येते. उरले १.२ मीटर, म्हणजे १४.४ मीटरचा रॅम्प, ७.२ च्या दोन घड्या, मध्ये ट्रॉली वळेल असं लँडिंग. पायऱ्या आठ. आवाराचा भराव किरकोळ आहे, पण शेजारच्या घराचं पाणी अडू नये म्हणून कडेने गटार आणि खालून पाइप घातला. तो नसता तर पहिल्या पावसात तक्रार अर्ज आला असता.

११ सप्टेंबर

गणपतीत ऑफिसं अर्धी रिकामी, तेवढ्यात राहिलेली बारीक कामं घेतली. सगळ्यात बारीक समजलेलं काम सगळ्यात मोठं निघालं: सेप्टिक टँक.

टाकी बाहेरून ४.५ × २.५, उंची २.२ मीटर. पूर्ण पाण्याखाली गेली तर २४.७५ टन पाणी बाजूला सारते. १५० मिलिमीटर जाडीच्या भिंती, तळ आणि झाकण मिळून तिचं स्वतःचं वजन साधारण १८ टन. म्हणजे पुराआधी टाकी उपसून रिकामी केली असेल तर ती होडीसारखी वर येणार, आणि येताना पाइप मोडून येणार. तळाचा स्लॅब चारी बाजूंनी ४५० मिलिमीटर बाहेर काढला. त्याच्यावर बसणाऱ्या मातीचं पाण्यातलं वजन ११ टनांच्या वर, वाढीव काँक्रीटचं दीडेक टन. आता तरंगण्याविरुद्धचा सुरक्षा गुणक १.२५ च्या आसपास येतो, लागतो १.२. चेंबरच्या तोंडाला उलट्या पाण्याची झडप, व्हेंट पाइप १०१.८०० च्या बराच वर.

यातलं काहीही टाइप प्लॅनमध्ये नव्हतं. तिथे फक्त 'सेप्टिक टँक, १ नग' होतं.

१९ सप्टेंबर

वीज, नळ आणि स्ट्रक्चरचे नकाशे एकावर एक ठेवले. प्रसूती कक्षाचा ११० चा पाइप थेट प्लिंथ बीमच्या पोटातून जातोय. बीमवरच स्लीव्ह (पाइप जायला आधीच ठेवायचं नळकांडं) दाखवून घेतला, नाहीतर साइटवर ब्रेकर चालतो. महावितरणचा मीटर कंपाउंडच्या भिंतीवर रस्त्यापासून १.२ मीटरवर दाखवला होता, म्हणजे २०१९ च्या खुणेखाली. तो वरच्या लँडिंगला हलवला. मुख्य पॅनेलही तिथेच.

१ ऑक्टोबर

सविस्तर अंदाजपत्रक प्रशासकीय मान्यतेच्या १९ टक्के वर गेलं. निम्मी वाढ पाइल आणि प्लिंथ स्लॅबची. सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) मागायची तर पुढचं वर्ष उजाडेल.

कपात कुठे करायची यावर नेहमीची ओढाताण. विभागाचा डोळा आधी लोड टेस्ट आणि पाइलच्या खोलीवर. "पाइल ७ मीटर धरा, साइटवर बघू." साइटवर बघू म्हणजे कलम ३८ ला आमंत्रण, ते मान्य केलं नाही. दर्शनी भागावरच्या काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या काढल्या, त्या तशाही शोभेच्याच. नदीकडची कंपाउंड भिंत रद्द, तिथे तारेची जाळी. भिंत पुराच्या पाण्याला आडवीच आली असती. उरलेलं कंपाउंड आणि निवासस्थानाची डागडुजी दुसऱ्या टप्प्यात. दरसूचीत नसलेल्या बाबींचे तीन-तीन कोटेशन पुन्हा मागवले, दोन ठिकाणी दर खाली आले. अंदाजपत्रक मान्यतेच्या आत बसलं, पण शिल्लक फारशी नाही.

मधेच एक प्रस्ताव आला: एकरकमी काढा, डिझाइन ठेकेदारच करील, म्हणजे तुमची-आमची डोकेदुखी गेली. एवढ्या कामात डोकेदुखी जात नाही, फक्त तिचा मालक बदलतो. प्लिंथ १०१.८०० का, हे ज्याने कपाटावरची रेघ मोजली नाही त्याला पटवत बसावं लागलं असतं. सुदैवाने उपअभियंता साहेबांनाच ते पसंत पडलं नाही.

१५ ऑक्टोबर

विधानसभेची घोषणा झाली, आचारसंहिता लागू. फाइल अधीक्षक अभियंत्यांच्या टेबलावर आहे, काही शेरे येऊन राहिलेत. निविदा आता निकालानंतरच. ज्यांनी ऑगस्टची तारीख सांगितली होती ते फोन घेत नाहीत. खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं नाही. ऑगस्टात निविदा निघाली असती तर ती मुरमावरच्या सुट्या फुटिंगची निघाली असती.

शेऱ्यांपैकी एक उपयोगाचा: पाइलच्या लांबीचं परिमाण एकाच आकड्यात न देता ९ मीटरपर्यंत आणि त्यापुढे प्रत्येक मीटरला वेगळी बाब द्या. लगेच केलं.

२९ नोव्हेंबर

आचारसंहिता उठली, फाइल परत हलली. या दीड महिन्यात सळयांचा तक्ता (बार शेड्यूल) पूर्ण तपासून झाला, एरवी हे काम निविदेनंतर होतं. सळया बांधून ठेवणाऱ्या रिंगच्या हुकाचा १३५ अंशाचा कोन प्रत्येक छेदात काढलाय, नुसतं टीप लिहून सोडलं नाही.

१२ डिसेंबर

तांत्रिक मान्यता झाली. जाता जाता किराणा दुकानदाराची मागणी अंदाजपत्रकात शिरली. वरच्या लँडिंगच्या खांबांना होडी बांधायला कड्या हव्यात, २०१९ ला होडी खिडकीच्या गजाला बांधावी लागली होती. दरसूचीत 'कडी' नाही, म्हणून लोखंडी कामाच्या किलोच्या दरात धरल्या, चार नग. आता निविदेच्या मसुद्यात पातळ्यांचा तक्ता पहिल्या पानावर आणायचाय आणि बेंचमार्कचा दगड ठेकेदाराला ताब्यात देण्याची अट लिहायची आहे. दगड सध्या रस्त्याच्या कडेला आहे आणि रस्त्याच्या रुंदीकरणाची मोजणी सुरू झाली आहे, तेव्हा आधी तो हलवून दुसरीकडे पक्का करायला हवा.